खाऱ्या मातीतला वुंब

आक्का,

तू गेलीस त्या दुपारी मी अकरावीच्या मुलांना पानांचे प्रकार शिकवत होते. फळ्यावर संयुक्त पान काढलं होतं, मधली दांडी आणि दोन्ही बाजूंना पर्णिका, आणि शिपाई येऊन दारात उभा राहिला. ऑफिसात फोन आला होता. "तुमच्या समोरच्या आक्का गेल्या," तो म्हणाला. "जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत." मी मुलांना सांगितलं, आकृती पूर्ण करा, नावं द्या. आणि खडू हातात तसाच धरून घरी चालत आले. कोपरखैरण्याच्या त्या उन्हात मला सारखं वाटत होतं, मी पोचेपर्यंत तू उठलेली असशील आणि दारातच विचारशील, "एवढ्या लवकर कशी सुटली गं शाळा?" कितीदा सांगितलं तरी तू माझ्या कॉलेजला शाळाच म्हणत राहिलीस.

काल तुझं तेरावं झालं.

तुझ्याशी बोलायचं ते पुष्कळ आहे, पण खरं सांगायचं तर एकच गोष्ट बोलायची आहे आणि तिथे पोचायला मला धीर होत नाही. म्हणून आधी वुंबापासून सुरू करते. आपलं सगळं तिथूनच तर सुरू झालं.

फळबाजार मुंबईतून तुर्भ्याला येऊन फार दिवस झाले नव्हते. तुझे यजमान तात्या आता तिथे माथाडी. पेट्या उतरवून उतरवून त्यांच्या मानेवर घट्टा पडलेला. एका जूनमध्ये त्यांनी फुटलेल्या पेटीतल्या मूठभर लिच्या घरी आणल्या. तुझ्यासमोरच्या खोलीत राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. तू दार वाजवलंस. पदरात ती लाल फळं, त्यातलं एक सोललेलं.

"तू झाडांची मास्तरीन ना? ह्याला काय म्हनत्यात?"

"लिची. बिहारकडून येते."

तू ते फळ फोडून काळपट, चकचकीत बी तळहातावर घेतलीस. "रेडकाचा डोळा बघ कसा. ही आमच्या वुंबाची भन हाय."

मी हसले. तेव्हा मला वुंब नावापुरताही ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाड पुस्तक काढलं आणि शोधत बसले. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात वाढणारं झाड, कोयनेच्या खोऱ्यातलं, आणि कूळ चक्क लिचीचंच. धावत तुझ्याकडे आले, जणू मीच काही शोध लावला होता. तू भाकरी थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "भन वळखायला पुस्तक कशाला लागतं?"

सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत दुपारच्या दुपार मी तुझ्या फरशीवर काढल्या. खिडकीला तू ओलं गोणपाट लावायचीस, त्यातून खाडीचा वारा गार होऊन आत यायचा. तू भिंतीला टेकून बोलायचीस आणि मी डोळे मिटून ऐकायचे. खोऱ्यात ढग खाली उतरायचे, म्हणायचीस. दारात उभं राहिलं तर गोठा दिसायचा नाही. गुरं ढगात जायची आणि घंटांच्या आवाजावरून तू त्यांना हाक मारायचीस. वर देवराई. तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत एक बुटका, वाकडा वुंब. त्याच्यासारखं गोड फळ जगात नाही, ही लिची म्हणजे त्याच्यापुढे पाणी. मला मध्येच झोप लागायची. तुझं वाक्य कुठे संपलं आणि माझं स्वप्न कुठे लागलं ते कळायचं नाही. जाग आली की खोलीत गुरांच्या घंटा वाजत असल्यासारखं वाटायचं आणि तू बोलतच असायचीस.

गावाचं नाव तू कधी घेतलं नाहीस. "आमचं गाव" एवढंच. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तू विशीतली होतीस. पाणी ओट्याला लागेपर्यंत सासूबाई चूल सारवत होत्या, हे तू मला तीनदा सांगितलंस आणि तिन्ही वेळा हसत सांगितलंस. त्यानंतर मुंबईतली दहा बाय दहाची खोली, मग ही वसाहत. पस्तीस वर्षांत तू एकदाही मागे गेली नव्हतीस.

"जायचं का आक्का?" मी विचारलं. सहज विचारलं होतं. तू उठून गोणपाटावर पाणी शिंपडलंस.

"पानी जवा उतरतंय तवा जाऊ," तू म्हणालीस.

पुढच्या वर्षी मे संपत आला तेव्हा आपण एसटीने निघालो. तात्या आले नाहीत. "तुमी जावा," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून पान लावत बसले. काठावरून लाँच मिळाली. तुला आठवतं, पाणी किती स्थिर होतं? दोन्ही बाजूंचे डोंगर त्यात उलटे उभे होते आणि आपण त्या उलट्या झाडांच्या शेंड्यांवरून सरकत होतो. तू हात पाण्यात सोडला होतास. लाँचवाला म्हणाला, "मावशी, मगर हाय बरं का!" तू हात काढला नाहीस. "असू दे. गाववाली हाय ती," म्हणालीस. माणसं हसली. तू हसली नाहीस.

पाणी उतरलं होतं तिथे भेगाळलेला गाळ होता, आणि गाळातून जोत्याचे दगड वर आलेले. तू चपला हातात घेतल्यास. मला वाटलं होतं तू रडशील. तू घरात शिरावं तशी चालत गेलीस. ह्यो गोठा. हितं जातं. हितून वाकून जा, हितं तुळई खाली हुती. आणि मी, वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी., तिथे नसलेल्या तुळईखालून खरोखर वाकून गेले.

देवराईत चढताना तू तीनदा बसलीस. वुंब सापडायला वेळ लागला नाही. तू सांगितला होतास तसाच, वाकडा, ठेंगणा, मोठ्या जांभळांच्या आणि अंजनीच्या गर्दीत उभा. फळं पिवळट तपकिरी, खरखरीत, लहान बोराएवढी. तू एक तोडलंस, दातांनी सोललंस, तोंडात टाकलंस. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. बी होती जवळजवळ फळाएवढी आणि तिच्याभोवती गराचा पातळ पापुद्रा. मीही एक खाल्लं. आंबट होतं.

तू बी तळहातावर काढून तिच्याकडे बघत राहिलीस. वर कुठेतरी हळद्या पक्ष्याचा आवाज येत होता.

"असंच हुतं व्हय गं हे?"

मी घाईने म्हणाले, "हे झाड कदाचित आंबट असेल. दुसरं एखादं बघू."

"न्हाई. झाड हेच." मग तू हळूच म्हणालीस, "तवा भूक गोड हुती."

मी तुला किती पुस्तकं वाचून दाखवली असतील, आक्का, पण त्या एका वाक्याएवढं मला कुणी शिकवलं नाही. त्या वाक्यानंतर तू निघशील असं मला वाटलं. तू पदर पसरून बसलीस आणि बिया वेचायला लागलीस. चौदा वेचल्यास. आंबट आहे हे कळल्यावर वेचल्यास, हे मला आजही थोडं विलक्षण वाटतं. ह्या बिया वाळल्या की दोन-चार दिवसांत मरतात हे मी तुला सांगितलं, तेव्हा तू रुमाल पाण्यात बुडवलास, त्यात बिया बांधल्यास आणि पोलक्यात ठेवल्यास. सगळा परतीचा रस्ता तुझी छाती ओली होती.

वाद तिथून सुरू झाला. मी म्हणत होते कुंडीत लाव. तुला जमिनीत हवं होतं, बिल्डिंगच्या मागे, पंपाच्या खोलीजवळ सावली असते तिथे. मी तुला समजावलं की हे ओल्या, सावलीच्या जंगलातलं झाड आहे, ही जमीन भरावाची आहे, खाली खार आहे, इथे गवतसुद्धा धड येत नाही. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. माझ्या बाबांची मिठागरं होती तिथे. जिथे आपली बिल्डिंग उभी आहे तिथेच कुठेतरी त्यांचे मिठाचे वाफे होते. शहर आलं, भराव पडला, आम्ही गावठाणात उरलो, आणि मी तिथून तुझ्यासमोर राहायला आले. तू म्हणालीस, "मला तरी कुठं मानवली हुती हितली माती? ऱ्हायलेच ना?"

शेवटी मी बाबांना घेऊन आले, ते तरी तुला पटवतील म्हणून. बाबा उकिडवे बसले, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"खारी हाय," ते म्हणाले. मी तुझ्याकडे विजयाने बघितलं. "पन मेलेली नाय. गोडं पानी दे, वाट दे, मीठ खाली जातंय. मी जलमभर पान्यातशी मीठ कारलाय गो बाय. मातीतशी कारता नाय येनार?"

"किती दिस लागत्याल?" तू विचारलंस.

"तुला घाई हाय?"

"न्हाई."

"मंग झाला."

त्या पावसाळ्यात तुम्ही दोघांनी जे केलं ते मी गॅलरीतून बघत असे. कमरेएवढा खड्डा, तळाला विटांचे तुकडे, एका बाजूने गटारापर्यंत चर. बाबा त्यात पाणी कोंडायचे, सोडायचे, पुन्हा कोंडायचे, जसं पूर्वी खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचे, फक्त उलट्या कामासाठी. तू छत्री धरायचीस. ते माती चाखायचे, मान हलवायचे. मग तूही चाखायला लागलीस. पावसात दोन म्हातारी माणसं माती खाताहेत, हे बघून बिल्डिंगमधल्या बायका मला विचारायच्या, "मॅडम, त्यांना काही टेन्शन आहे का?" तुझी साताऱ्याची बोली आणि बाबांची आगरी, निम्मे शब्द एकमेकांना कळत नव्हते. तरी मिठागरं गेल्यापासून बाबा इतके कुणाशी बोलले नव्हते.

चौदातल्या नऊ बिया तुझ्या बादलीत उगवल्या होत्या. दिवाळीनंतर माती बाबांच्या जिभेला पटली आणि रोपं जमिनीत गेली. त्यानंतर ती एकेक करून मरायला लागली. कुणाची पानं कडेने करपायची, कुणाचं खोड मऊ पडायचं. प्रत्येक मेलेलं रोप तू मला दाखवायला आणायचीस, डॉक्टरकडे मूल आणावं तसं, आणि मी प्रत्येक वेळी सांगायचे, मी म्हटलं होतं. मार्चमध्ये एकच उरलं.

आता ते सांगते.

त्या दिवशी मी गावठाणातून आले होते. जमिनीच्या कागदांसाठी बाबा सकाळी कचेरीत जाऊन आले होते, कितव्यांदा कोण जाणे, आणि उत्तर न मिळता येऊन ओट्यावर न जेवता बसले होते. तोंड खाडीकडे.  मी धुमसतच परत आले. तू त्या शेवटच्या रोपावर गोणपाटाची सावली बांधत होतीस. मी काहीतरी टोचून बोलले, की एवढा हट्ट कशासाठी, फळ तर आंबटच आहे. तू शांतपणे म्हणालीस, "तुला न्हाई कळायचं मास्तरीन. समदं गाव डोळ्यांदेखत बुडताना बघावं लागतंय, तवा कळतंय."

आणि मी म्हणाले, "तुमचं गाव बुडालं म्हणून तुम्ही आमच्या गावावर येऊन बसलात."

तुला मी नेहमी तू म्हणायचे. त्या दिवशी तुम्ही म्हणाले. तुम्ही म्हणजे तू, तात्या, ती सगळी वसाहत, तो बाजार, सगळं शहर. तुझ्या हातातली सुतळी तशीच राहिली. तू माझ्याकडे बघितलंस, त्यात राग नव्हता, आणि मग गाठ पूर्ण बांधून घरात गेलीस. दार लावलंस. तू इथे आल्यापासून, पंधरा वर्षांत, दिवसा बंद न झालेलं दार.

महिनाभर आपण बोललो नाही. बाबा मात्र रोज संध्याकाळी येत राहिले. तू बादली घेऊन खाली उतरायचीस, तुम्ही दोघं झाडापाशी बसायचात. मी गॅलरीत आले की तू मान खाली घालायचीस. बाबांना मी काही सांगितलं नाही. तूही सांगितलं नव्हतंस, हे त्यांच्या वागण्यावरून मला कळत होतं.

मग एका सकाळी तू माझं दार वाजवलंस. "चल, बघ." मागे काही घडलंच नव्हतं असा चेहरा. मी तशीच खाली आले. रोपाला नवी पालवी फुटली होती. तांबूस, लोंबती, इतकी मऊ की हात लावायला भीती वाटावी. तू म्हणालीस, "बाळंतपन निभावलं." आपण दोघी तिथे बसलो. उन्हं अजून पंपाच्या खोलीमागे होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द तयार होते. पण तू इतकी खुश होतीस आणि मला वाटलं, विसरली असेल, कशाला आठवण करून द्या.

तू विसरली नव्हतीस. पुढच्या उन्हाळ्यात गोणपाट बदलताना, माझ्याकडे पाठ करून, तू म्हणालीस, "तू म्हनली हुतीस ते काय खोटं न्हवतं." मला स्वच्छ ऐकू आलं. मी सुतळी शोधत असल्यासारखं केलं. एवढ्या मोठ्या वाक्यावर मी सुतळी शोधली, आक्का.

ते खोटं नव्हतं, हे तुझं म्हणणं मला मान्य नाही. आपलं भांडण तिथे अर्धं राहिलंय. बाबांची मिठागरं तू घेतली नाहीस. तुला कुणी विचारलंही नव्हतं कुठे जायचंय म्हणून. तुला तुझ्या गावातून उचललं आणि कुठेतरी टाकलं, ती जागा आधी आमची होती, एवढाच तुझा गुन्हा. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ती माणसं माझ्या हाताशी नव्हती आणि तू होतीस, समोर, सुतळी हातात घेऊन. हे मी तुला त्या सकाळी पालवीपाशी सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, याचा विचार करत मी हे तेरा दिवस काढले.

झाड आता माझ्या कमरेला लागतं. फळ धरायला अजून सात-आठ वर्षं तरी लागतील. एकट्या झाडाला ते धरेल की नाही हेही मला ठाऊक नाही. मागच्या महिन्यात मी तसं म्हणाले तेव्हा तू म्हणालीस, "आंबटच तर हाय. धरलं काय, न धरलं काय." मग थोड्या वेळाने, "पन धरंल." मला त्या दोन वाक्यांच्या मधली तू सर्वांत जास्त आठवते आहेस.

काल माणसं पांगल्यावर मी भांडी आवरायला थांबले होते. तुझी सून आत बाळाला निजवत होती. तात्या गॅलरीत खुर्चीवर बसलेले, डोक्यावरचे केस काढल्यामुळे अनोळखी दिसणारे. बाबा खाली झाडापाशी एकटेच होते. आम्ही दोघं वरून त्यांना बघत राहिलो. तात्या माझ्याशी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. पण मला आता कुणाला तरी सांगणं भाग होतं. मी त्यांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मी आक्कांना असं बोलले होते, आणि माफी मागायची राहिली, म्हटलं.

तात्यांनी मान हलवली. "ठावं हाय. सांगितलं हुतं तिनं."

"कधी?"

"त्याच दिशी. लई रडली. दोन दिस जेवली न्हाई. मग एक दिस आपली आपनच म्हनली..." ते थांबले. त्यांना ते तुझ्याच शब्दांत आठवायचं होतं, म्हणून थांबले असावेत. "म्हनली, पंधरा वर्सं झाली हितं येऊन. समदी हसून बोलत्यात, नमस्कार करत्यात, पाव्हन्याला करावा तसा. त्या दिशी पैल्यांदा कुनीतरी माझ्याशी भांडलं. म्हंजी आता आपन हितलं झालो."

मी खाली झाडापाशी बसलेल्या बाबांकडे बघितलं.

"मग मला का नाही सांगितलं तिनं, तात्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा.

"तिला वाटलं," ते म्हणाले, "तुमास्नी म्हाईत असंल."